रिपीटर नको, केबल ओढा

घरातल्या केबलिंगवरच्या तुमच्या लेखात ‘वाय-फायचा सिग्नल पोचत नसेल तर मधल्या खोलीत रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) लावा’ असा सल्ला आहे; तो पणजीतल्या फ्लॅटपुरता ठीक आहे. चिऱ्यांच्या जुन्या घरात तो फारसा कामाचा नाही. भिंती हातभर जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरलेल्या. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड (लहरींचा पट्टा) दुसऱ्या भिंतीपाशीच मान टाकतो. शिवाय एकाच बँडवर चालणारा रिपीटर त्याच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि व्हिडिओ अडकतो तो यामुळे.

आमच्या फोंड्याच्या घरी राउटर पुढच्या दारी, मुलीची खोली राजांगणापलीकडे. कौलांखालून वाशाच्या कडेने कॅट-६ ही नेटवर्कची तांब्याची केबल ओढली, मागे अॅक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वाय-फायवर देणारं यंत्र) बसवला, प्रश्न मिटला. तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादा घरात आड येत नाही. फक्त घेताना वेष्टनावर ‘सीसीए’ लिहिलेलं नाही ना, ते पाहा. ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. दुकानदार ती कॅट-६ म्हणूनच गळ्यात मारतो. आणि बागायतीतल्या मांगरापर्यंत (शेतातल्या खोपीपर्यंत) नेट न्यायचं असेल तर तांबं नकोच, धातूची तार नसलेली फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाका. मिरगाच्या गडगडाटात जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या तारेतून येणारा दणका दोन्ही टोकांचे पोर्ट जाळू शकतो. काचेतून तो येत नाही. केबलिंगवरच्या एवढ्या मोठ्या लेखात पावसाळ्याचं नाव नाही, कमाल आहे.