स्विच चालू होता

आज सकाळी पावणेसात वाजता शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाचा फोन आला. मुलगा म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा, नोकरी करणारा. पण त्याला अर्ध्या चड्डीत क्रिकेट खेळताना पाहिलेले असल्यामुळे माझ्या लेखी तो मुलगाच. "काका, गाडी नाहीये," एवढेच म्हणाला. रात्री फाटकाबाहेर भिंतीलगत लावलेली त्याची काळी थार जागेवर नव्हती, आणि जिथे ती रोज उभी असते तिथे चहूबाजूंच्या ओल्या रस्त्यात कोरड्या डांबराचा एक चौकोन तेवढा उरला होता. पाऊस तीनच्या सुमारास थांबला, म्हणजे गाडी त्यानंतर गेली, एवढा तपास आम्ही दोघांनी तिथेच उभ्या उभ्या केला.

त्याच वेळी दूध घ्यायला निघालेले सोसायटीचे एक पदाधिकारी थांबले, त्यांनी तो चौकोन पाहिला आणि म्हणाले, "एवढी नटवलेली गाडी रस्त्यावर ठेवल्यावर दुसरे काय होणार?" मी गप्प राहिलो, कारण त्या मुलाचा चेहरा पाहवत नव्हता. परंतु दिवसभर ते वाक्य डोक्यात घोळते आहे आणि ते कुठेतरी उतरवल्याशिवाय मला आज झोप लागणार नाही. घरात सोने ठेवले म्हणून घरफोडी झाली, असे आपण शेजाऱ्याला त्याच्या दारात उभे राहून सांगत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र प्रत्येकाला तो अधिकार आपोआप मिळतो, आणि गाडीत मालकाने स्वतःच्या हौशीने काही बदल केलेले असतील तर तो दुप्पट मिळतो. गाड्या नटवणाऱ्या आपल्यापैकी कोणाला हे समजावून सांगण्याची गरज नाही की माणूस तीन वर्षे पगारातून पैसे बाजूला काढून एकेक वस्तू बसवतो, तेव्हा तो केवळ मिरवण्यासाठी ते करत नसतो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो, आणि ते त्या मुलाला आवडणार नाही.

पोलीस ठाण्यातले अंमलदार भले गृहस्थ होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली त्यांनी विनातक्रार फिर्याद लिहून घेतली. (माझी गाडी गेली तेव्हा ते ३७९ होते; कलम बदलले, प्लास्टिकची खुर्ची बहुधा तीच असावी.) चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरून उतरवून झाल्यावर त्यांनी विचारले, "ओळख पटेल अशी काही खूण?" मुलाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा थोडी जान आली. त्याने मोबाइल पुढे केला. ताम्हिणीच्या पावसातली गाडी, माळशेजच्या धुक्यातली गाडी, चहाच्या टपरीसमोरची गाडी, बाराशेच्या आसपास फोटो. अंमलदारांनी आठ-दहा पाहिले आणि शांतपणे विचारले, "या विंचवर कंपनीचा नंबर असतो ना, त्याचा फोटो?" नव्हता. (विंच म्हणजे रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारे, बंपरवर बसवलेले यंत्र.) टायरवरच्या आकड्यांचा? नव्हता. सीटच्या खालच्या बाजूचा, दिव्यांच्या मागच्या पट्टीचा? नव्हता. शेवटी फिर्यादीत शब्द पडले ते असे: "काळ्या रंगाची जीप, पुढे लोखंडी बंपर, जादा दिवे." चार लाखांच्या कामाचे वर्णन 'जादा दिवे' या दोन शब्दांत आटोपले आणि त्यात त्या अंमलदारांची काहीही चूक नव्हती.

आमच्यासारख्यांच्या गाड्यांचे दुखणे नेमके इथे आहे. साधी गाडी चोराला अखंड विकावी लागते किंवा भंगारात तोडावी लागते. आपली गाडी त्याला सुटी सुटी विकता येते, आणि सुट्या मालाला ना आरसी असते, ना नंबरप्लेट. चासीवर नंबर कोरलेला असतो, पण विंच एकदा चार बोल्ट काढून बाजूला ठेवला की तो कोणाचाही असतो.

हे मला माझ्या मारुती जिप्सीने शिकवले, आणि तेही उशिरा.

२००५ ची, पेट्रोलवरची, इंजेक्शनवाली जिप्सी मी २०१२ मध्ये एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. पुढची पाच वर्षे तिच्यासाठी काय काय केले याची यादी देत नाही, कारण आमच्या सौभाग्यवतींनाही ही पोस्ट दिसते. साडेनऊ हजार पौंड ओढणारा विंच, चिखलातले टायर आणि नव्या सीटा एवढे नमूद करतो. हे सगळे झाल्यावर नाना पेठेतल्या ज्या वायरमनकाकांनी तिचे दिवे बसवले होते, त्यांनी बोनेट बंद करता करता विचारले, "साहेब, दिवाळीचा आकाशकंदील तर लावलात, पण दाराला कडी कुठे आहे?" जिप्सीला कसली आली कडी! कापडी हूड ब्लेडने कापले की आत हात जातो आणि तिची किल्ली म्हणजे कपाटाच्या किल्लीची धाकटी बहीण.

काकांनी त्याच दुपारी सहाशे रुपयांत एक काम केले. टाकीतल्या इलेक्ट्रिक पेट्रोल पंपाकडे जाणारी वायर त्यांनी मध्ये तोडली, तिथे रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, घातला आणि त्याचा छोटासा स्विच अशा जागी बसवला की जमिनीवर गुडघा टेकून हात वळवल्याशिवाय तो सापडू नये. या व्यवस्थेची गंमत अशी की स्विच बंद असला तरी इंजिन सुरू होते. नळीत उरलेल्या पेट्रोलवर ते काही सेकंद चालते आणि मग मान टाकते. चोराला वाटते गाडीच नादुरुस्त आहे. भर रस्त्यात बोनेट उघडून तपासणी करण्याची हौस त्याला नसते. मी दोन महिने रोज रात्री न चुकता गुडघा टेकला. नंतर एक दिवसाआड. नंतर बाहेरगावी गेल्यावर तेवढा.

जुलै २०१७ मधल्या एका रात्री धो-धो पाऊस होता, हातात भाजीच्या पिशव्या होत्या आणि जमीन ओली होती. एवढेच कारण. सकाळी जिप्सी नव्हती.

अकराव्या दिवशी शिक्रापूरच्या पुढे, नगर रस्त्यालगत एका ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत ती सापडली. चाके नव्हती, विटांच्या चार थप्प्यांवर तिला टेकवून ठेवले होते. विंच नव्हता, सीटा नव्हत्या, दिवे नव्हते, नंबरप्लेट भलत्याच जिल्ह्याची होती. पोलीस ठाण्याच्या आवारात तिला आणून ठेवले होते तिथे मी वाकलो आणि सवयीने नेमक्या जागी हात घातला. स्विच तिथेच होता. चोरांना तो सापडलाच नव्हता. आणि तो चालू होता, मी ठेवला तसाच.

त्या स्विचबद्दल मी आजवर फारसे कोणाला सांगितले नाही. चाके चोराने नेली, पण तो स्विच चालू ठेवणारा हात माझा होता.

म्हणून या मुलाने आज जे सांगितले ते ऐकताना मला आधी कीव आली आणि मग संताप आला. त्याने गेल्या वर्षी गाडीला रिमोटने सुरू होण्याची सोय बसवून घेतली. आजकालच्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते. ती चिप जवळ नसेल तर इंजिन सुरू होत नाही, हीच तर कारखान्याने दिलेली खरी कडी. मग रिमोटवर गाडी सुरू व्हावी यासाठी बसवणाऱ्याने सर्वांत स्वस्त मार्ग काढला आणि दुसरी किल्ली डॅशबोर्डाच्या आत चिकटवून टाकली. म्हणजे गाडी कायमची स्वतःच्याच किल्लीच्या सहवासात. पुढे विमा कंपनी चोरीचा दावा घेताना पहिली गोष्ट मागणार ती दोन्ही किल्ल्या, आणि त्यांतली एक गाडीबरोबर गेलेली आहे. हे मी त्याला सकाळी सांगितले नाही. दुपारी सांगावे लागले.

ट्रॅकर होता. म्युझिक सिस्टिमच्या मागे. तो तिथे आहे हे त्याच्या साडेतीन हजार फॉलोअरना माहीत होते, कारण बसवतानाचे रील त्यानेच टाकले होते, पाठीमागे आमच्या सोसायटीचे फाटक आणि तिच्या नावाची पाटी स्पष्ट दिसेल अशा कोनातून. ट्रॅकरने शेवटचे ठिकाण दाखवले ते त्याच भिंतीजवळचे. अरे बाबा, गाडीचे कौतुक मलाही आहे, पण आपली तिजोरी कुठल्या भिंतीत आहे याची जाहिरात कोणी करते का? एक ट्रॅकर सापडण्यासाठीच असतो असे समजावे आणि दुसरा, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, अशा ठिकाणी ठेवावा की तो काढायला पत्रा उघडावा लागेल. आणि त्याच्या सिमचे रिचार्ज करावे.

ठरवून आलेला चोर क्रेन आणून गाडी उचलून नेऊ शकतो, त्यापुढे स्विच काय आणि गिअरलॉक काय, हे मला मान्य आहे. पण आपल्या गल्लीत पहाटे तीन वाजता जो येतो त्याच्याकडे क्रेन नसते, त्याच्याकडे पाच मिनिटे असतात. ती पाच मिनिटे गिअरलॉकने, चाकाच्या खास नटांनी, पुढची चाके भिंतीकडे वळवून अडकवलेल्या स्टिअरिंगने आणि गुडघा टेकून बंद केलेल्या स्विचने खाऊन टाकायची असतात. या सगळ्याची किंमत त्याच्या एका जोडी दिव्यांइतकीही नाही, आणि यातले काहीही फोटोत चांगले दिसत नाही, हीच अडचण आहे.

कागदांबद्दलही लिहितो, कारण तिथे मी स्वतः सपशेल तोंडघशी पडलो आहे. जिप्सी परत मिळाल्यावर विमा कंपनीकडून चाकांचे थोडे पैसे मिळाले. विंच, दिवे आणि नव्या सीटांचा एक रुपयाही मिळाला नाही. नुकसान तपासायला आलेल्या कंपनीच्या सर्व्हेअरशी मी दीड तास भांडलो. पॉलिसीत त्या वस्तूंचा उल्लेखच नव्हता, तेव्हा त्याचे बरोबर होते; हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली. विंच आणि दिव्यांसारख्या विजेवर चालणाऱ्या वस्तूंची किंमत आधी जाहीर करायची आणि तिच्यावर साधारण चार टक्के जादा हप्ता भरायचा, एवढेच ते काम. सीटांसारख्या बाकी वस्तूंची किंमत वेगळी दाखवून घ्यायची. बिले ठेवायची. प्रत्येक वस्तू बसवण्यापूर्वी ती उलटी करून तिच्या नंबराचा एक कुरूप, नीट प्रकाशातला फोटो काढायचा.

आता कोणीतरी लिहीलच की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असे बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितले. ठाऊक आहे. तो पुढचा लोखंडी बंपर सरकारने २०१७ पासून बेकायदा ठरवला आहे, हेही ठाऊक आहे, आणि त्यामागचे पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे कारण मला पटते. माझ्या जिप्सीवरचा मी उतरवला. पण बंपर बेकायदा आहे म्हणून गाडी चोरणे कायदेशीर होत नाही, आणि दूध आणायला निघालेल्या माणसाने त्यावर निकाल देण्याचे कारण नाही.

एका गोष्टीचे मात्र हसू येते. मान्यताप्राप्त चोरीविरोधी यंत्र बसवले तर विम्याच्या हप्त्यातल्या, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर अडीच टक्के सवलत, आणि तीही जास्तीत जास्त पाचशे रुपये! ही मान्यता एआरएआय या वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या संस्थेची लागते, आणि एआरएआय तर पुण्यात आमच्याच टेकडीवर, मी रोज सकाळी तिच्या कुंपणाजवळून फिरायला जातो. काकांचा सहाशे रुपयांचा स्विच त्या सवलतीत बसत नाही. चोराला तो सापडला नाही, हे त्याचे एकमेव प्रमाणपत्र.

त्या मुलावर मी दुपारी जरा जास्तच चिडलो. सकाळी त्याने आधी स्टोरी टाकली आणि मग मला फोन केला, हे कळल्यावर माझा आवाज चढला. फिर्याद वेळेवर झाली हे नशीब. पोलिसांकडे ताबडतोब गेलेला असाल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून चोरीचा दावा फेटाळता येत नाही, असे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे; उलट झाले तर मात्र कठीण. हे सगळे त्याला ऐकवत असताना तो खाली बघून नुसता "हो काका" म्हणत होता आणि मला एकदम २०१७ सालचा मी दिसलो, ठाण्याच्या आवारात गुडघ्यावर, हात डॅशबोर्डाखाली. मग मी त्याला स्विचची गोष्ट सांगितली. पूर्ण सांगितली, भाजीच्या पिशव्यांसकट.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. त्याच्या आईने माळ्यावरून विंचचा रिकामा खोका शोधून काढला आहे. मुलगा टाकून देत होता, तिने जुन्या स्वेटरांसाठी ठेवून घेतला होता. खोक्यावर नंबराचे स्टिकर जसेच्या तसे आहे. उद्या अकरा वाजता आम्ही पुरवणी जबाब द्यायला जाणार आहोत. खोका मोठा आहे, त्याच्या स्कूटरवर मावणार नाही, म्हणून जिप्सीतूनच नेऊ. आत्ता दहा वाजले आहेत आणि खाली पुन्हा पाऊस सुरू झाला आहे. जरा जाऊन येतो.