आपण विहिरीसमोर उभे आहात

जुनी वास्तू बघायला गेलं की हल्ली दारातच क्यूआर कोड चिकटवलेला असतो. तो स्कॅन करायचा, अ‍ॅप उतरवून घ्यायचं, लोकेशनला परवानगी द्यायची, कॅमेऱ्याला द्यायची, मायक्रोफोनलाही द्यायची. (मायक्रोफोन कशाला? मी काय भिंतींशी बोलणार आहे?) मग तुम्ही जिथे उभे राहाल तिथली गोष्ट फोन आपणहून कानात सांगतो. कल्पना झकास आहे. मी इयरफोन कोंबून निघालो. थोडं पुढे जातो तोच भारदस्त आवाज आला, ‘‘आपण आता विहिरीसमोर उभे आहात. जरा वाकून आत पाहा.’’

माझ्यासमोर पुरुषांचं स्वच्छतागृह होतं. मी वाकलो नाही.

फोनची मेहनत मात्र मानायला हवी. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश पकडायचे आणि त्यांना पोचायला किती वेळ लागला त्यावरून आपला पत्ता काढायचा. त्या उपग्रहांमधली आण्विक घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. तेवढं सांभाळून घेतलं नाही तर दिवसाला दहाएक किलोमीटरचा घोळ! म्हणजे आइन्स्टाइनसाहेब तिकडे अहोरात्र राबताहेत आणि इकडे विहीर की मुतारी हे काही ठरत नाही. मोकळ्या आभाळाखाली फोनचा अंदाज साधारण ५ मीटरच्या आत बसतो. पण जुन्या वास्तूला भिंती असतात, आणि त्याही चांगल्या जाडजूड. संदेश त्यांच्यावर आपटून उशिरा पोचतो, फोनला वाटतं उपग्रहच लांब गेला, आणि निळा ठिपका टुणकन भिंतीपलीकडे.

पुढच्या थांब्यावर ‘अजून ८ मीटर पुढे या’ अशी सूचना आली. पुढे तळं होतं. मी काठावर उभा राहून हात लांब करून बघितला. ७ मीटर झाले. मग फोन म्हणाला, ‘होकायंत्र जुळवा, मोबाईल हवेत आठाच्या आकारात फिरवा.’ फिरवला. पलीकडच्या काठावरच्या आजोबांना वाटलं मी त्यांना हात करतोय. त्यांनीही हात केला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आणखी थोडा वेळ फिरवत राहिलो.

कॅमेऱ्यातून तोफ दिसणार होती, ती दिसली. एका बाईंच्या पर्समधून तोंड बाहेर काढून माझ्यावरच रोखलेली. बाई शांतपणे केस सारखे करत होत्या.

‘‘अहो, विहीर इकडे मागे आहे,’’ बायको म्हणाली. तिने फोन बाहेरच काढला नव्हता. ‘‘मघापासून तीच बघतेय. आत पायऱ्या काय सुंदर आहेत!’’ मी धावलो. पायऱ्या खरंच सुंदर होत्या, पण तोवर कानात दरबार भरला होता आणि त्याला थांबवायचं बटण काही सापडेना.

२ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या गृहस्थांनी ऑरेगॉनच्या रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि लोकांनी ती हुडकलीही. मला त्यांचा हेवा वाटतो. ठिकाणाजवळ पोचल्यावर त्यांचं यंत्र गप्प बसायचं आणि उरलेलं काम डोळ्यांवर सोडायचं.

माझं गप्प बसत नाही. रात्री अंथरुणावर पडलो तर टुंग! ‘आज तुम्ही दातांच्या दवाखान्याला भेट दिलीत. अनुभव कसा होता?’ दवाखाना रस्त्यापलीकडे होता, आम्ही अलीकडे रिक्षाची वाट बघत उभे होतो. ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. नुसते पाच तारे.

पाचही दिले. अजिबात दुखलं नव्हतं.