हर्क्युलिसला दुःखाने घडवलं? मूळ गोष्टी नीट वाचा

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतंय, तुमच्याही ग्रुपवर आलं असेल. म्हणे टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे ग्रीकांनाही ठाऊक होतं: हर्क्युलिस १२ कामं करून बलवान झाला आणि शेवटी देव झाला, ओडिसियस २० वर्षं हाल सोसून शहाणा आणि नम्र झाला, 'दुःखातूनच ज्ञान' हे तर ग्रीक नाटककाराचंच वाक्य, आणि देव ज्याला मोठं करायचं असतं त्यालाच दुःख देतात. शेवटी सल्ला, की तुमच्यावर संकट आलं असेल तर त्याचे आभार माना. हे वाचून मला राहवलं नाही, कारण असले मेसेज नेमके ज्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय त्यालाच पाठवले जातात, आणि आधाराला घेतलेल्या गोष्टी तसं म्हणतच नाहीत.

आधी हर्क्युलिस, म्हणजे ग्रीकांचा हेराक्लीस. कामं करून बलवान झाला हे सरळ चूक आहे, तो देवांचा राजा झ्यूस याचा मुलगा, तान्हा असतानाच झ्यूसच्या बायकोने, हेराने पाठवलेले दोन साप त्याने नुसत्या हातांनी गळा दाबून मारले होते. आणि ती १२ कामं म्हणजे काही ट्रेनिंग नव्हतं. प्रचलित कथेत हेरा त्याला वेड लावते, त्या भरात तो स्वतःची पोरं मारतो आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून त्याला युरिस्थियस राजाची चाकरी करावी लागते. हां, कामं पूर्ण केलीस तर अमर होशील असं डेल्फीच्या देववाणीने सांगितलेलं होतं, तेवढी गोष्ट फॉरवर्डच्या बाजूची, मान्य. पण कामं संपल्यावर माणूस सुधारला का? त्यानंतर तो इफिटसला, घरी आलेल्या पाहुण्याला, टिरिन्सच्या तटावरून खाली फेकून मारतो, मग परत शिक्षा, या वेळी ओम्फाली राणीची गुलामी. आणि मरण आलं तेही बायकोने प्रेमाचं औषध समजून विष लावलेल्या वस्त्रातून, ते ओढून काढायला गेला तर सोबत मांसही निघायला लागलं.

ग्रीक नाटककार युरिपिडीसने तर आपल्या 'हेराक्लीस' नाटकात क्रमच फिरवून टाकलाय. तिथे १२ही कामं झालेली आहेत, हेराक्लीस पाताळातून परत आलाय, बायकापोरांना जुलमी राजाच्या तावडीतून सोडवतो, पोरं त्याचे कपडे सोडेनात म्हणून त्यांना हाताला धरून घरात नेतो, जहाजाने होड्या ओढाव्यात तसा. आणि त्यानंतर वेड येतं आणि तो त्याच पोरांना आणि बायकोला मारतो. एवढे घाव सोसून झाल्यावर! शुद्धीवर आल्यावर त्याला मरायचं असतं, डोक्यावरून कापड ओढून बसलेला असतो, तेव्हा त्याचा मित्र, अथेन्सचा राजा थीसियस येतो, ते कापड बाजूला करायला लावतो आणि म्हणतो की माझ्याबरोबर अथेन्सला चल, तुला घर देतो, जमीन देतो. हे तुझ्या भल्यासाठीच झालं वगैरे एक शब्द बोलत नाही. आणि हेराक्लीस उठतो तो त्याच्या आधाराने, आता ओढलेली होडी तो स्वतः.

मग ओडिसियस, होमरच्या ओडिसी या महाकाव्याचा नायक. २० वर्षांतली १० ट्रॉयच्या युद्धात गेली, परतीच्या १० पैकी ७ कॅलिप्सो या अप्सरेच्या बेटावर आणि १ सर्सी या जादूगारणीकडे. सायक्लोप्स या एकडोळ्या राक्षसाला आंधळं करून जहाज सुटलेलं असतं, सोबती हातापाया पडतात की गप्प बस, तरी हा ओरडून स्वतःचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव सांगतो, आणि त्या नावानिशी शाप लागतो. त्या बढाईची किंमत सोबत्यांनी मोजली, १२ जहाजं घेऊन निघालेला माणूस एकटाच घरी पोचला.

आणि नम्र झाला म्हणता तर ओडिसीचा शेवट बघा. त्याच्या बायकोशी लग्न करायला घरात ठाण मांडून बसलेले १०८ उमेदवार मारून झालेत, त्यांना सामील झालेल्या १२ दासी फासावर गेल्यात, लपायचं आता काही कारण नाही. म्हातारा बाप लाएर्टीस एकटाच मळ्यात एका रोपाची माती उकरतोय, ठिगळांचे मळके कपडे, काटे लागू नयेत म्हणून हातमोजे, डोक्यावर बकऱ्याच्या कातड्याची टोपी. ओडिसियस नासपतीच्या झाडाखाली उभा राहून रडतो, सांगून टाकू का असा विचार करतो, आणि तरीही बापाची परीक्षा घ्यायचं ठरवून खोटं नाव, खोटं गाव सांगतो. म्हातारा दोन्ही मुठींनी धूळ उचलून पांढऱ्या केसांवर ओततो तेव्हा कुठे हा खरं बोलतो. मला हा प्रसंग दरवेळी त्रास देतो. वीस वर्षांत खोटं बोलायची सवय इतकी मुरलीय की बापासमोरही सुटत नाही. यालाच घडणं म्हणायचं असेल तर म्हणा.

'दुःखातून ज्ञान' हे वाक्य खरंच आहे, एस्किलसच्या अगामेम्नॉन नाटकात, ख्रिस्तपूर्व ४५८ सालचं. पण ते म्हणतात आर्गोस नगरीचे म्हातारे, त्यांच्या राजाने, अगामेम्नॉनने स्वतःच्या मुलीचा, इफिजेनियाचा बळी दिला ती आठवण सांगत असताना. अगामेम्नॉन काय शिकला? काहीच नाही, घरी आल्या आल्या बायकोने मारला, पुढे मुलाने तिला मारलं. शिकणं झालंच तर ते याच नाट्यत्रयीच्या तिसऱ्या नाटकात, अथेन्समध्ये खुनाचा न्याय करायला न्यायालय उभं राहतं तेव्हा, आणि तोवर मुलगी, बाप, आई तिघंही गेलेली.

राहिला शेवटचा मुद्दा, देव मोठं करण्यासाठी दुःख देतात. याचं उत्तर ट्रॉयच्या युद्धावरच्या इलियड महाकाव्यात खुद्द ग्रीक योद्धा अकिलीस देतो, तेही त्यानेच मारलेल्या हेक्टरचा मृतदेह मागायला आलेल्या त्याच्या बापाला, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायमला. झ्यूसच्या दारात दोन रांजण आहेत, एक चांगल्याचा, एक वाईटाचा, कुणाला तो दोन्ही मिसळून देतो, कुणाला नुसतंच वाईट. लायकी, परीक्षा, बक्षीस कशाचाच उल्लेख नाही. बरं, दुःखाने अकिलीस अचानक संतही झालेला नाही, त्याच भेटीत तो म्हाताऱ्याला दटावतो की मला डिवचू नकोस, नाहीतर तुझ्यावरही हात उठेल. पण तो त्याच्यासोबत रडतो, त्याला जेवायला घालतो आणि विचारतो, हेक्टरच्या अंत्यविधीला किती दिवस लागतील? प्रायम म्हणतो ११ दिवस, लढायचंच असेल तर १२व्या दिवशी लढू, आणि अकिलीस तेवढे दिवस युद्ध थांबवायचं कबूल करतो.