रेझोनेटर गिटारच्या सेटअपवर आलेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुम्ही दोन स्टार दिलेत आणि कारणंही सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही तितकंच सविस्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: स्टील बॉडीची रेझोनेटर गिटार (पोटातल्या धातूच्या शंकूतून आवाज देणारी) सेटअपला, म्हणजे जुळवणीला दिली. ॲक्शन, म्हणजे दांड्यापासून तारांची उंची, कमी करा म्हणालात, तर आम्ही उलट वाढवून दिली. जाड तारांनी बोटं दुखायला लागली. नवा कोन (तो धातूचा शंकू) घ्या म्हणून आम्ही मागे लागलो आणि गिटार विनाकारण अडकवून ठेवली. घरी गेल्यावर तुम्ही परत १० गेजच्या पातळ तारा चढवल्यात, तर खरखर सुरू झाली. आणि एवढं होऊन व्हिडिओतल्या डोब्रोसारखा (ही रेझोनेटरचीच दुसरी जात) आवाज काही आला नाही.

रेझोनेटर घ्यायच्या विचारात असलेली मंडळीही इथे वाचत असतात, त्यामुळे थोडं मुळापासून सांगतो.

तुमच्या गिटारमध्ये आवाज तयार होतो तो कव्हर प्लेटखालच्या साडेनऊ इंची ॲल्युमिनियमच्या कोनातून. त्याच्या टोकावर लाकडाची छोटी चकती असते, तिला बिस्किट म्हणतात, आणि त्यात सॅडल, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, बसवलेलं असतं. हा कोन बॉडीला स्क्रूने आवळलेला नसतो की गोंदाने चिकटवलेला नसतो. आतल्या गोल कडेवर तो नुसता टेकलेला असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवतो तो फक्त तारांचा दाब. तारा सॅडलवरून टेलपीसकडे (तारांची टोकं अडकवतात त्या भागाकडे) जाताना पुरेशा खाली वळल्या तरच हा दाब मिळतो. दाब कमी पडला की आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होतो आणि कोन कडेवर थरथरतो.

तुमची गिटार उघडली तेव्हा सॅडल आधीच कोणीतरी घासून खाली आणलेलं होतं. तारा त्यावरून जवळजवळ सरळच टेलपीसकडे निघाल्या होत्या. खाचा इतक्या खोल होत्या की तिसरी तार पूर्ण आत बुडाली होती. कोन काढला तर खालच्या कडेवर रंगाचा एक थेंब वाळून दगड झालेला. कोनाच्या काठाखालून कागदाची पट्टी फिरवली, ती सगळीकडे अडत होती आणि त्या थेंबाच्या दोन्ही बाजूंना मात्र आरपार जात होती. खरखरीचं मूळ तिथे होतं. थेंब खरवडून कड सपाट केली, मेपलचं नवं सॅडल घडवलं, खाचा तारेच्या अर्ध्या जाडीइतक्याच ठेवल्या. मग गिटार सुरात लावून काही दिवस तशीच ठेवली. नव्याने बसवलेला कोन दाबाखाली स्थिरावायला वेळ लागतो आणि तो स्थिरावल्याशिवाय शेवटची जुळवणी करता येत नाही. उशीर झाला तो एवढ्यासाठीच.

सॅडल योग्य उंचीवर आलं, म्हणून ॲक्शन वाढली. आता १२व्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) जाड तारेखाली पावणेतीन मिलिमीटर अंतर आहे. स्लाइडने, म्हणजे बोटात घातलेली नळी तारांवर सरकवत, वाजवायला हे उत्तम. यापेक्षा फार खाली गेलं तर स्लाइड फ्रेटवर आपटते. तुम्हाला स्लाइडपेक्षा बोटांनीच जास्त वाजवायचं असेल, तर ॲक्शन नक्की कमी करता येईल, पण ती नेकचा, म्हणजे दांड्याचा, कल बदलून. सॅडल घासून केली तर कोनावरचा दाबच जातो. हे काम वेगळं आणि खर्चाचं आहे. फोनवर ते सांगितलं तेव्हा तुम्ही नको म्हणालात, म्हणून त्याला हात लावला नाही.

आता तारांबद्दल. बोटं दुखली हे खरंच आहे, १३ ते ५६चा सेट (सर्वांत पातळ ते सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) १० गेजपेक्षा खूप ताठ लागतो. पण या जातीच्या गिटारला तोच लागतो. तुम्ही ओपन डीमध्ये (मोकळ्या तारा छेडल्या की डी कॉर्ड वाजतो अशा ट्यूनिंगमध्ये) वाजवता असं बोलण्यात आलं होतं. त्या ट्यूनिंगमध्ये सहापैकी चार तारा नेहमीच्या सुरापेक्षा खाली उतरतात. १० गेजच्या तारा आणखी सैल केल्यावर कोनावर वजन असं उरतच नाही. शिवाय सगळ्या तारा एकदम काढल्या असतील, तर मोकळा झालेला कोन जागेवरून सरकलाही असेल. घरी गेल्यावर सुरू झालेल्या खरखरीचं कारण या दोनांपैकी एक असणार, कदाचित दोन्ही. जाड तारा चढवायच्या म्हणून सूर मात्र वाटेल तितका वर ओढू नका. तो भार सोसला नाही तर कोन आत बसतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

नव्या कोनाबद्दल. तुमच्या गिटारमधला कोन साच्यात दाबून काढलेला आणि जाड आहे, स्वस्त गिटारमध्ये तोच येतो. पातळ पत्रा लेथवर फिरवून घडवलेला कोन बसवला तर आवाजात पडणारा फरक कोणालाही ऐकू येईल. मला तो फरक मनापासून आवडतो, म्हणून सुचवलं. तुम्ही नकार दिलात आणि आम्ही जुनाच कोन बसवून दिला. बिल पुन्हा पाहा, त्यात सॅडल, तारा आणि मजुरी आहे, कोन नाही.

राहिला डोब्रोचा आवाज, आणि माझ्या मते तुमच्या नाराजीचं खरं कारण हेच आहे. १९२० च्या दशकात बँडमध्ये गिटार ऐकूच येत नसे. जॉर्ज बीचम या वादकाला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती, ती लॉस एंजेलिसमध्ये स्थायिक झालेले स्लोव्हाक कारागीर जॉन डोपेरा यांनी बनवली, तीन कोनांची. १९२७ मध्ये नॅशनल कंपनी सुरू झाली. सोल होओपिईसारखे हवाईयन वादक ती मांडीवर आडवी ठेवून वाजवत, आपल्याकडे हवाईयन गिटार वाजवतात तशी. पुढे डोपेरा नॅशनलमधून बाहेर पडले आणि भावांबरोबर डोब्रो कंपनी काढली. डोब्रो गिटारमध्ये एकच कोन, तोही वाडग्यासारखा उलटा, आणि त्यावर सॅडल धरणारा आठ पायांचा धातूचा स्पायडर. बॉडी बहुतेक लाकडी. नॅशनलने मग एका कोनाची बिस्किटवाली गिटार आणली. तुमची गिटार त्या घराण्यातली.

बिस्किटचा आवाज झटकन उठतो, टोचतो आणि लवकर विरतो. सन हाउससारख्या ब्लूज गायकांच्या हातात तो शोभला. स्पायडरचा आवाज लांबतो, थोडा अनुनासिक आणि गोड असतो. जॉश ग्रेव्ह्ज, जेरी डग्लस यांची ब्लूग्रास या अमेरिकन संगीतप्रकारातली गिटार ती, चौकोनी नेकची, तारा फ्रेटबोर्डपासून खूप उंच, वर जड लोखंडी बार. तुम्ही दाखवलेल्या व्हिडिओत हीच आहे. कितीही मेहनत केली तरी तुमच्या गिटारमधून तो आवाज निघणार नाही, आणि निघेल असा शब्द देऊन मी तुमचे पैसे घेणार नाही. आमच्याकडे रेझोनेटर बघायला कोणी आलं की मी आधी विचारतो, मांडीवर ठेवून वाजवणार की हातात धरून, आणि कोणाचं वाजवणं आवडतं. बॉडी पितळेची की स्टीलची, हे त्यानंतर. तुमची गिटार ऑनलाइन घेतलेली होती, त्यामुळे हे बोलणं आधी होऊ शकलं नाही.

एकदा गिटार घेऊन या. कोन जागेवर आहे का ते बघायचे आणि परत बसवायचे पैसे घेणार नाही. १२ गेजचा सेट लावून पाहू, दाब पुरला तर तोच ठेवू, बोटांनाही थोडा आराम पडेल. दुकानात एक स्पायडरवाली चौकोनी नेकची गिटार आहे, ती मांडीवर घेऊन हवा तितका वेळ वाजवा. येईपर्यंत तारा काढू नका, आणि बदलायच्याच झाल्या तर एकेक करून बदला. सोमवारी दुकान बंद असतं. दुपारी चारनंतर आलात तर मी स्वतः बाकावर असतो.