क्रिएटिनिन उत्तम, मग छाती का भरून आली?

माझ्या मूत्रपिंड प्रत्यारोपणाला येत्या मार्गशीर्षात नऊ वर्षे पूर्ण होतील. मूत्रपिंड पत्नीने दिलेले आहे आणि ते आजही चोख काम करते. या नऊ वर्षांत घरी आलेल्या प्रत्येकाने, मग तो मालवणातला शेजारी असो वा मे महिन्यात उतरणारा चाकरमानी, मला एकच प्रश्न विचारला, "क्रिएटिनिन किती?" (मूत्रपिंड किती चांगले चालते हे सांगणारा रक्तातला आकडा; तो कमी तितके बरे.) मीही परीक्षेत पहिला आल्याच्या थाटात "१.३" असे सांगत आलो. हृदयाची चौकशी कोणी केली नाही, आणि खरे सांगायचे तर ती करावी असे मलाही कधी सुचले नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या आठवड्यात बाजारातून सामान घेऊन आमच्या घाटीच्या जांभ्या पायऱ्या चढत असताना विसाव्या पायरीच्या आसपास छाती भरून आली. दुखले असे म्हणता येणार नाही. कोणीतरी आतून ओले पोते ठेवावे तसे वाटले. दोन मिनिटे गडग्याला टेकून उभा राहिलो आणि सगळे निवळले. दुसऱ्या दिवशी त्याच पायरीवर पुन्हा तेच झाले. थोरल्या भावाचे निदान तयारच होते, "गॅस झालो असतलो." जवळच्या दवाखान्यातही माझा क्रिएटिनिनचा कागद पाहून समाधान व्यक्त करण्यात आले, पित्ताची गोळी मिळाली आणि ईसीजी मात्र काढला गेला नाही. चढताना येणारी आणि थांबल्यावर जाणारी छातीची जडता गॅसची नसते, हे मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवूनही स्वतःच्या बाबतीत विसरलो होतो.

प्रत्यारोपणानंतर हृदयाचा धोका डायलिसिसवर राहण्याच्या तुलनेत कमी होतो, ही गोष्ट आधी स्पष्ट करतो. कोणी घाबरून प्रत्यारोपण टाळू नये. परंतु तो इतरांइतका कमी होत नाही. बसवलेले मूत्रपिंड उत्तम चालू असतानाही रुग्ण दगावतो, तेव्हा त्यामागच्या प्रमुख कारणांत हृदयविकार असतो. मूत्रपिंडे निकामी असण्याच्या वर्षांत कॅल्शियम-फॉस्फरसचा तोल ढळून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना साठतो आणि वाढलेल्या रक्तदाबाविरुद्ध काम करून करून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. नवे मूत्रपिंड आले म्हणून हा जुना हिशेब पुसला जात नाही. त्यात, शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून रोज घ्याव्या लागणाऱ्या औषधांची भर पडते. टॅक्रोलिमसने साखर आणि रक्तदाब वाढू शकतो, सायक्लोस्पोरिनने रक्तदाब आणि रक्तातली चरबी, प्रेडनिसोलोनने साखर, वजन आणि चरबी. मला मधुमेह प्रत्यारोपणानंतर झाला तो असाच, आणि मधुमेह असला की हृदयाची वेदना पुष्कळदा बोथट होते किंवा जाणवतच नाही. म्हणून या गोळ्या कमी कराव्यात असा अर्थ कोणी कृपया काढू नये. त्या चुकवल्या तर मूत्रपिंड जाईल.

शेवटी मुंबईला अँजिओग्राफी, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत डाय (क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य) सोडून करायची तपासणी, करायचे ठरले तेव्हा घरात अक्षरशः सुतकी वातावरण पसरले, कारण त्या डायने किडनी जाते हे सर्वांनी ऐकलेले होते. धोका असतो, हे खरे आहे; पण डाय बेताने वापरून, आधी शरीरात पाण्याचे प्रमाण नीट राखून आणि मूत्रपिंडतज्ज्ञाला विश्वासात घेऊन तो बराच आटोक्यात ठेवता येतो. माझे क्रिएटिनिन १.५ झाले आणि दहा दिवसांत पूर्ववत आले. एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला. किडनी जपण्याच्या नावाखाली हृदयाची तपासणी पुढे ढकलत राहणे हा माझ्या मते आपल्यासारख्या रुग्णांवर होणारा सर्वांत सभ्य अन्याय आहे, आणि त्यात आपण स्वतःही सामील असतो.

आता खाण्याविषयी. आपल्या किनाऱ्यावर मीठ हा पदार्थ नसून संस्कार आहे. खारा बांगडा, सुकट, मिठातल्या कैऱ्या, आणि पेजेबरोबर लोणचे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चमचाभर, ही मर्यादा बांगड्याच्या एका तुकडीबरोबर बरीचशी संपते. पत्नीने एकदा तो तुकडा धुऊन, दोनदा पाणी बदलून रात्रभर भिजवला, तरी सकाळी बोट लावून चाखले तर ते पाणी समुद्राचेच होते. सैंधव चालते, हा गैरसमज आहे. तेही सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ तर आपल्यासाठी अधिक धोक्याचे, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. टॅक्रोलिमसमुळे पोटॅशियम आधीच वाढू शकते आणि ते फार वाढले तर हृदयाची लय बिघडते. शहाळ्यातल्या पोटॅशियमलाही हेच लागू आहे. गणपतीच्या वर टांगलेल्या माटवीला बांधलेले पपनस विसर्जनानंतर प्रसाद म्हणून वाटले जाते, ते मी आता हात जोडून नाकारतो, कारण त्याने रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी वाढते. (मामी अजून रुसलेल्या आहेत.)

माझ्या वहीत पूर्वी क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमसची पातळी असे दोनच रकाने होते. आता सकाळ-संध्याकाळचा रक्तदाब, साखर, वजन आणि दर तपासणीची एलडीएल (रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल) हेही त्यात आले. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट मला दिले आहे. तो उजव्या हातालाच मोजायचा असतो, कारण डाव्या हातात डायलिसिसच्या काळातला फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा शस्त्रक्रियेने केलेला जोड) आहे, आणि हे दरवेळी नव्या परिचारिकेला पट्टा गुंडाळण्याआधीच सांगावे लागते.

त्या फिस्टुल्याचाच एक प्रश्न उरला आहे. धमनीतले रक्त सरळ शिरेत जात असल्याने हृदयाला सतत जास्तीचे काम पडते, त्यामुळे काही रुग्णांत तो बंद करतात. पण पुढे डायलिसिसची वेळ आलीच तर तो हाताशी असावा, असेही मत असते. माझा इको (हृदयाची सोनोग्राफी) पुढच्या महिन्यात आहे, त्यानंतर ठरेल. तोवर डाव्या कुशीवर हात उशाला घेऊन झोपलो की कानाशी त्याची घरघर चालू असते, भरतीच्या वेळी किनाऱ्यावर ऐकू येते तशी.