नेपाळच्या टूरवर अनाथालयाला भेट देणार असाल तर

पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, पोखराच्या टूरची बुकिंगं सुरू झाली आहेत. "काठमांडूत अनाथालयाला भेट आहे, मुलांसाठी वह्या-चॉकलेटं घ्या" असा मेसेज आमच्या भिशीच्या ग्रुपवरही आला, म्हणून लिहितेय.

चार वर्षांपूर्वी मी अशाच एका अनाथालयात गेले होते. तीसेक मुलं सतरंजीवर बसलेली, सगळ्यांचे केस एकसारखे बारीक कापलेले. त्यांनी गाणं म्हणून दाखवलं. सहा-सात वर्षांची एक मुलगी येऊन थेट माझ्या मांडीवर बसली आणि निघताना ओढणी सोडेना. मी रडले, पर्समध्ये होते ते सगळे पैसे देऊन आले.

परत आल्यावर ते फोटो आमच्या बागेत राखणीला असलेल्या गुरख्याच्या बायकोला दाखवले. (रत्नागिरीतल्या आंब्याच्या बागा किती नेपाळी कुटुंबांच्या जिवावर उभ्या आहेत, ते इथल्या कुणालाही विचारा.) तिने दोन बोटांनी फोटो मोठा करून एकेक चेहरा पाहिला. मग म्हणाली, "वहिनी, यांच्या आया कुठे असतात?"

अगं, अनाथ आहेत ती, मी म्हटलं.

"आमच्या गावातून पण दोन पोरं अशीच नेली. आई आहे त्यांची. शेतात असते."

त्या रात्री मी वाचायला बसले. नेपाळमधल्या अनाथालयांतल्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, असं युनिसेफ सांगतं. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांत दलाल जायचे. मुलाला काठमांडूच्या बोर्डिंगमध्ये शिकवतो, इथे राहिलं तर माओवादी उचलून नेतील, असं सांगायचे. आईबाप जमीन गहाण टाकून दलालाला पैसे द्यायचे आणि तिकडे त्यांच्याच मृत्यूचे खोटे दाखले तयार व्हायचे. अनाथालयं कुठे उगवली? काठमांडू, पोखरा, चितवन, म्हणजे पर्यटक जिथे जातात तिथे. मूल जितकं केविलवाणं दिसेल तितकी देणगी मोठी. मग त्याला धड खायला घालून, शिकवून, घरी पाठवण्यात चालकाचा फायदा काय? माझ्या ओढणीला धरलेला तो हात आठवला की अजून पोटात कालवतं. त्या मुलीची आई कुठे आहे, एवढंही मी विचारलं नव्हतं.

सगळ्याच संस्था अशा आहेत असं मी म्हणणार नाही. पुष्पा बस्नेत यांनी आईवडिलांसोबत तुरुंगात राहावं लागणाऱ्या मुलांना बाहेर आणून वाढवलं, ते काम खरं आहे. काठमांडूच्या रत्नपार्कच्या आसपास दुधाच्या रिकाम्या पिशवीत डिंकासारखं सोल्युशन ओतून हुंगणारी पोरं मी पाहिली आहेत. हुंगलं की भूक आणि थंडी कळत नाही म्हणे. लोक त्यांना 'खाते' (रस्त्यावरच्या पोरांसाठीचा तिथला हिणवणारा शब्द) म्हणून हाकलतात. अशा मुलांना निवारा, उपचार आणि रोज विचारपूस करणारं माणूस हवंच. तिथेही बाल हेल्पलाइनचा नंबर आपल्यासारखाच १०९८ आहे, तो फोनमध्ये ठेवा. रस्त्यात हातावर नोट ठेवू नका, त्याचं बहुतेक वेळा सोल्युशनच येतं.

नेपाळच्या २०१८ च्या बालकायद्यानेही संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानला आहे. आधी घर, मग नातेवाईक. देणगी मागणाऱ्याला विचारा, गेल्या वर्षी किती मुलं घरी परत पोचवली? आणि परक्या बायकांच्या मांडीवर मुलांना बसू देणारी जागा असेल, तर कृपा करून आत जाऊच नका.

आमच्या बागेतल्या त्या बाईची धाकटी मुलगी गावी आजीकडे असते. संध्याकाळी वरच्या बांधावर रेंज येते, तिथे उभी राहून ती लेकीशी बोलते. गेली तीन वर्षं मुलीच्या शाळेचा खर्च आम्ही करतो आणि तो तिच्या पगारासोबतच देतो. तिकडे कुणी 'बोर्डिंगमध्ये घालतो' म्हणत आलं होतं. आजीने त्याला दारातूनच परत पाठवलं.