मागच्या बाकावरची कुजबुज

लंडनमध्ये राहून मला अठरा वर्षं झाली. गेल्या डिसेंबरात तीन आठवडे मुंबईत होते, ते फक्त सरांसाठी. परळच्या रात्रशाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. दिवसा मी दादरच्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायचे.

लालबागच्या चाळीचा जिना चढले, तर त्यांच्या मुलाने, आमच्या दादाने, गॅलरीतच अडवलं. "कॅन्सर हा शब्द काढू नकोस. बाबांना अल्सर सांगितलाय. हाय खातील." आत सर उशीला टेकून बसले होते. काकू चहा ठेवायला वळल्या तसे हळूच म्हणाले, "अडतीस वर्षं फळ्यापुढे उभा राहिलो. मागच्या बाकावरची कुजबुज मला कळत नाही होय? तू सांग. खोटं बोलायची वेळ आली की तू मान खाली घालतेस."

मी मान खाली घातली. त्यांना उत्तर मिळालं.

इंग्लंडमध्ये २०२५ मध्ये मरणावर मोठा वाद चालला होता. सहा महिन्यांच्या आत मृत्यू अपेक्षित असलेल्या प्रौढांना जीवन संपवण्यासाठी मदत मिळावी, असं विधेयक हाउस ऑफ कॉमन्सने २० जून २०२५ रोजी ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं. तेव्हापासून मुंबईची मित्रमंडळी मला विचारतात, आपल्याकडे असा कायदा कधी येणार? मला तो प्रश्न फार पुढचा वाटतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिव्हिंग विलला, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे झाले. पण ज्याला स्वतःचा आजारच सांगितलेला नाही, तो त्यात लिहिणार काय? वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून अखेरच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांना सांभाळतं आहे. आणि आपण घराघरांत अजून रिपोर्ट उशीखाली लपवतो. माया म्हणून लपवतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांच्या वेळी मीही तेच केलं होतं. ते काहीच न बोलता गेले.

इंग्लंडचं सगळं बरोबर आहे असंही नाही. इथे डॉक्टर आधी रुग्णालाच सांगतात. त्याच्या संमतीशिवाय घरच्यांनाही नाही. माझ्या शेजारच्या आजोबांना असंच स्पष्ट सांगितलं गेलं. हातात माहितीपत्रक घेऊन ते एकटेच बसने परत आले आणि स्टॉपवर भेटलेल्या मला, एका शेजारणीला, त्यांनी ते पहिल्यांदा सांगितलं. त्या संध्याकाळी मला लालबागची गॅलरी फार आठवली. तिथे माणसं होती, खरं नव्हतं. इथे खरं होतं, ऐकायला माणूस नव्हतं. मला दोन्ही एका खोलीत हवं आहे, आणि ते मुंबईत जमण्यासारखं आहे, कारण माणसं आपल्याकडे आधीच आहेत.

सरांच्या घरी ते जमलं. त्याच रात्री त्यांनी दादाला जवळ बसवलं. दादा खूप रडला, सर त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग दोन दिवस त्यांनी कुणाशी फारसं बोलणं ठेवलं नाही. ते दिवस वाईट होते. दादाने माझ्याकडे पाहणंही टाळलं, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागितली. कुणाची पुस्तकं परत करायची आहेत, ते लिहिलं. दुखणं वाढलं तर मॉर्फिन द्या, पण व्हेंटिलेटर नको, हेही लिहिलं. आणि काकूंना समोर बसवून शिकवायला सुरुवात केली. पंचेचाळीस वर्षांत काकू बँकेत एकट्या गेल्या नव्हत्या. पासबुक, नॉमिनी, एफडीवरचं व्याज. काकू चिडायच्या, "आत्ता हे कशाला?" ते म्हणायचे, "उत्तर चुकू दे. पायऱ्या लिही, पायऱ्यांचे मार्क आहेत." धाप लागली की थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. दार उघडंच असे. गॅलरीतली कुजबुज बंद झाली होती.

फेब्रुवारीत ते गेले. मी तेव्हा लंडनमध्ये होते, फोनवर.

परवा काकूंनी व्हिडिओ कॉल केला. बँकेने व्याज कमी लावलं होतं म्हणे. त्यांनी काउंटरवर वही उघडून पायऱ्या दाखवल्या, आणि परत मोजायला लावलं.